आत येणारी पावलं

सासूबाई पहिल्यांदा जर्मनीला आल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत दोन पिशव्या रांगोळी होती. गोडा मसाला समजू शकते, कुळथाचं पीठ समजू शकते. पण रांगोळी! फ्रँकफर्टच्या कस्टमवाल्याने पिशवीतली पांढरी पूड बघितली असती तर काय झालं असतं, या कल्पनेनेच मला घाम फुटला. "अहो आई, हे कशाला आणलंत?" मी विचारलं. "भाद्रपदात गौरी आहेत," त्या म्हणाल्या. "यंदा तिकडचं धाकटी बघेल. म्हणून काय इथलं दार बोडकं ठेवायचं?" त्या निवृत्त बँकवाल्या. एकदा नकार दिला की वरच्या साहेबालाही बदलता येत नसे, अशी त्यांची ख्याती होती.

आम्ही तेव्हा कायझर्सलाउटर्नला राहत होतो. नवरा तिथल्या एका संशोधन संस्थेत होता. मी पुण्याची आर्किटेक्ट. जर्मनीत ती पदवी चालेना म्हणून चिक्कार धडपड केली आणि शेवटी एका छोट्या म्युझियममध्ये प्रदर्शनं मांडायचं काम मिळालं. भिंत कुठे उभी करायची, उजेड कुठून टाकायचा, माणसाने आधी काय बघावं आणि मग काय बघावं, हे ठरवायचं. काम मला मनापासून आवडायचं. माझा स्वभाव तापट आहे आणि लोकांनी माझ्या म्हणण्याप्रमाणे चालावं असं मला नेहमीच वाटत आलंय. इथे त्याचे पैसे मिळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी आमच्या फ्लॅटच्या दाराबाहेर, ट्रेपनहाउसमध्ये, म्हणजे सगळ्या बिऱ्हाडांच्या सामायिक जिन्यात, लक्ष्मीची पावलं काढली. रांगोळी थोडी भिजवायची, बंद मुठीची करंगळीकडची कड त्यात बुडवायची आणि फरशीवर टेकवायची, की तळवा उमटतो. वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके दिले की बोटं होतात. डाव्या मुठीचं एक पाऊल, उजव्या मुठीचं एक. जिन्यापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत ती ओळ गेली होती. आमच्या इमारतीत जिन्यात छत्री वाळत ठेवली तरी चिठ्ठी यायची. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्याच. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी उत्सुकतेने विचारलं, "कोण आलंय तुमच्याकडे?"

मी तेव्हा "माझ्या सासूबाई" म्हणून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न डोक्यात राहिला. आजींना लक्ष्मी माहीत नाही, गौर माहीत नाही, तरी जमिनीकडे बघून कोणीतरी आलंय एवढं त्यांना बरोबर कळलं होतं.

म्युझियममध्ये त्या उन्हाळ्यात अमेरिकेहून एक फिरतं प्रदर्शन येणार होतं. विषय होता, तिथल्या गुलामगिरीतून निसटून गेलेल्या माणसांचा इतिहास. आमच्या गावाला लागूनच अमेरिकन सैन्याचा मोठा तळ, गावात अमेरिकन कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे आमच्या शेफिनला, म्हणजे म्युझियमच्या प्रमुख बाईंना, ते इथे आणायचंच होतं. खोकी आली, उघडली, आणि मी खूशच झाले. मालकाच्या हवेलीचं टेबलाएवढं मॉडेल होतं, पांढऱ्या खांबांचं, प्रत्येक खिडकीला झडपा. निसटलेल्यांना आसरा देणाऱ्या एका कुटुंबाच्या घराचं मॉडेल होतं. त्याची जमीन उचलली की खाली लपायचं तळघर दिसायचं. खरा जुना कंदील होता. मदत करणाऱ्यांच्या तसबिरी होत्या, काळे कोट, भली माणसं, प्रत्येकाखाली नाव. एक मोठा नकाशा होता, त्यावर उत्तरेकडे जाणारे लाल बाण. आणि जे पळून गेले, त्यांच्या माणसाएवढ्या उंचीच्या काळ्या आकृत्या होत्या. वाकलेल्या, बिनचेहऱ्याच्या. मी त्यांच्यामागून निळसर उजेड टाकला. फार सुंदर दिसत होतं.

उद्घाटनाला बोलायला शेफिनने एका अमेरिकन बाईंना विचारलं होतं. तळावरच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं, निवृत्त झाल्या आणि इथेच राहिल्या. कृष्णवर्णीय, उंच, सत्तरीला टेकलेल्या. गुडघा दुखरा होता, पण चालणं मात्र रुबाबदार. त्यांच्या आजीची आजी गुलामगिरीतून निसटली होती. लहान मुलीला बरोबर घेऊन पायी, रात्रीचं चालत उत्तरेला पोचली होती. मांडणी अर्धी झाली तेव्हा त्या बघायला आल्या. चष्मा लावून प्रत्येक पाटी वाचली. घाई नाही. शेवटच्या खोलीत, तसबिरींपाशी, माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पळून गेलेली माणसं कुठे आहेत?"

मी काळ्या आकृत्यांकडे बोट दाखवलं.

"त्या सावल्या आहेत," त्या म्हणाल्या.

मग खुर्ची मागून घेतली आणि बसल्या. त्यांच्या लहानपणी गावातल्या म्युझियममध्ये काळ्या लोकांना आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशीच प्रवेश होता. तशा एका दिवशी आजी त्यांना चांगले कपडे घालून घेऊन गेली. सगळी दालनं बघून झाल्यावर बाहेरच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, माझी आजी काही इथे नाही. तुला कुठे दिसली तर मला सांग. "तेव्हापासून कुठल्याही म्युझियममध्ये गेले की मी आधी तिला शोधते," बाई म्हणाल्या. "आजी केव्हाच वारली. मला अजून तिला सांगता आलेलं नाही. इथे कंदील धरणाऱ्याचं नाव आहे, कंदिलाचं साल आहे. ती माणसं चांगलीच होती, माझं काही म्हणणं नाही. पण चालली ती. तुम्हाला उद्घाटनाला मी दारात उभी हवी आहे, कारण आत माझ्यासारखा चेहरा नाही. मी येणार नाही."

आवाज जराही चढला नव्हता. मला मात्र कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. मी पुन्हा सगळी खोली बघितली. नकाशावरचे बाणसुद्धा मदत करणाऱ्यांच्या घरांपासून सुरू होत होते! त्याआधीचं चालणं, ज्यात कोणीच मदतीला नव्हतं, ते नकाशावर नव्हतंच.

शेफिन काही वाईट बाई नव्हती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. "आल्झो, असं बघ," ती म्हणाली, "म्युझियमला वस्तू लागते. घर उरतं, कंदील उरतो. जो नेसत्या वस्त्रानिशी पळाला त्याचं काय उरणार? मालकांनी वर्तमानपत्रात दिलेल्या जाहिराती उरल्या, अमुक पळाली, अमुक खूण, पकडून आणा. त्या मोठ्या करून लावू?" मी म्हटलं, म्हणजे पुन्हा मालकाच्याच डोळ्यांनी बघायचं? तिने कॉफीचा कप पुढे ओढला. आणि मला खालच्या आजींचा प्रश्न आठवला. मी म्हटलं, पावलं काढू या. जमिनीवर, पहिल्या दारापासून शेवटपर्यंत. एका बाईची आणि एका लहान मुलीची. जो येईल तो त्यांच्या मागून चालेल.

"पण पावलं हा पुरावा नाही," शेफिन म्हणाली. "ती आपण काढलेली असणार."

"आणि त्या काळ्या आकृत्या? त्या काय तिथल्या झाडावर लागल्या होत्या?" मी जरा जोरातच बोलले. "त्याही कोणीतरी काढल्याच ना? मग वाकलेल्याच का काढल्या?"

तिने कपातली कॉफी संपवली. "गेनाऊ," म्हणाली. बरोबर आहे तुझं. जर्मन माणसाचा होकार असा एका शब्दात येतो आणि मग त्याच्या मागे पाच अटी येतात. जमिनीला रंग लागता कामा नये, म्हणून हाउसमाइस्टरने, म्हणजे म्युझियमच्या इमारतीच्या देखभालवाल्याने, प्लायवूडच्या फळ्या काळ्या रंगवून जमिनीवर अंथरल्या. रांगोळी विस्कटेल, म्हणून पांढरा भिंतीचा रंग आला. काम करणाऱ्याने हातमोजे घालायचे, असंही ठरलं.

म्युझियम बंद असतं त्या वारी मी सासूबाईंना घेऊन गेले. विषय सांगितला होता. ऐकून त्या "लेकराला घेऊन?" एवढंच म्हणाल्या होत्या. तिथे पोचल्यावर पदर खोचला, हातमोज्यांकडे एकदा बघितलं आणि ते खिडकीत ठेवून दिले. "मोज्यातून मूठ उमटते होय?" दोघी बसलो. मोठी पावलं माझ्या मुठीची, धाकटी त्यांच्या. त्यांचा हात बारीक आहे. दारापासून सुरुवात केली आणि पहिल्या खोलीतल्या हवेलीच्या मॉडेलपर्यंत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. उठून बघितलं तर काय सुरेख दिसत होतं! पांढरी पावलं दारातून आत येत होती, झोकात, एकाही ठिकाणी न चुकता. मी फोटो काढले. सासूबाई म्हणाल्या, "गौर आल्यासारखं वाटतंय." मी त्या अमेरिकन बाईंना फोन केला, एकदाच येऊन बघा म्हणून अक्षरशः गयावया केली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई, शेफिन आणि मी वाट बघत असतानाच त्या आल्या. दारात थांबल्या. पावलांच्या ओळीवरून नजर नेत नेत हवेलीपर्यंत गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "ही परत चालली आहे का?"

मी बघितलं आणि कपाळाला हात लावला. पावलं सरळ मालकाच्या हवेलीच्या पायऱ्या चढत होती. पोरीला बरोबर घेऊन, ऐटीत, शुभशकुनाने! प्लॅन माझ्या हातात होता. हवेली मीच तिथे ठेवली होती. तरी दोघींपैकी एकीलाही दिसलं नाही, कारण आमच्या हाताला एकच दिशा ठाऊक. दार दिसलं की पावलं आत. लक्ष्मी आत, गौर आत. घरातून बाहेर जाणारं पाऊल आम्ही दोघींनी जन्मात काढलेलं नव्हतं. ही चूक कुठलाही जर्मन करूच शकला नसता. लाजेने मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

शेफिनला काहीच अवघड वाटलं नाही. फळ्या उलट्या फिरवा, ती म्हणाली, पावलं बाहेर वळतील. हाउसमाइस्टर पहिली फळी उचलायला वाकलासुद्धा. तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. भाषा कळत नव्हती, पण त्याचा वाकलेला हात कळला.

"त्याला सांग, हात लावायचा नाही. घरातून बाहेर जाणारी पावलं मी काढलेली नाहीत आणि कोणाला फिरवू देणार नाही."

"अहो आई, ते घर नाहीये. कैद होती ती. तिथून ती सुटली."

"मग कैदेच्या दारात पावलं काढायला लावलीसच कशाला? पुसून टाक सगळी. पण उलटी फिरवायची नाहीत."

"उद्घाटन तोंडावर आलंय, आई!"

"असू दे."

माझा आवाज चढला, त्यांचाही चढला. शेफिन आलटून पालटून आमच्याकडे बघत होती. अमेरिकन बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काय म्हणतायत त्या? नीट सांग." मी नाइलाजाने सांगितलं. आमच्याकडे पावलं नेहमी येणारी काढतात. सणाच्या दिवशी घरातली एक बाई देवीला हातात धरून त्या पावलांवरून येते, दुसरी उंबऱ्यात उभी राहून विचारते, कोण आलं, कशाच्या पावलांनी आलं, आणि तिसरी ताटावर चमचा वाजवते. बाहेर जाणारी पावलं म्हणजे घर उजाड होणं. म्हणून सासूबाई ऐकत नाहीत. मला वाटलं, आता या चिडणार, की माझ्या आजीच्या इतिहासात तुमचा शकुन-अपशकुन कशाला.

त्या एकदम खाली बसल्या, दुखऱ्या गुडघ्यासकट, सासूबाईंनी काढलेल्या इवल्या पावलाशेजारी. म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे. आमच्या घरात कोणी कधी 'ती पळाली' असं सांगितलंच नाही. आजी सांगायची ते असं, की एके दिवशी पहाटे ती आली. पळाली हे मालकाचं म्हणणं. त्याच्या दारातून बघितलं तर ती पळाली. आमच्या दारातून बघितलं तर ती आली."

मी भाषांतर केलं. सासूबाईंनी मान डोलावली. "मग तिचं दार कुठे ठेवलंयस?" त्यांनी मला विचारलं.

तिचं दार मी कुठेच ठेवलं नव्हतं. अख्ख्या प्रदर्शनात मालकाचं दार होतं, मदत करणाऱ्यांचं दार होतं. ती बाई जिथे पोचली आणि जिथे तिने पुढचं आयुष्य काढलं, तिथलं दार नव्हतं. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो काय सांगू! प्रदर्शन मांडणाऱ्याला वर्षातून एखाद्या वेळी असं होतं, की सगळ्या भिंती आपोआप आपापल्या जागी जातात. मी हवेलीला धरलं आणि ओढायला सुरुवात केली. हाउसमाइस्टर ओरडला, मग दुसऱ्या बाजूने लावला त्यानेही हात.

हवेली आम्ही बाजूच्या कोनाड्यात, पाठमोरी ठेवली. पहिली खोली काळी, मोकळी. पावलं तिथून सुरू होणार, कुठल्याही दाराविना. मदत करणाऱ्यांचं घर वाटेच्या कडेला गेलं. तिथे दोन जोड्या शेजारी शेजारी टेकलेल्या, थोडा विसावा घेतल्यासारख्या, आणि मग पुढे. तसबिरीही वाटेवर आल्या, नावांसकट. भल्या माणसांची नावं पुसायची नव्हतीच. काळ्या आकृत्या मात्र खोक्यात परत गेल्या. आणि शेवटच्या खोलीत फक्त एक लाकडी चौकट, उंबरा, आणि आत उजेड. शेफिनने अमेरिकेला फोन लावला. मांडणी एवढी बदलायची तर प्रदर्शन पाठवणाऱ्यांची परवानगी हवी होती. अर्धा तास बोलत होती. आम्ही तिघी काचेबाहेर उभ्या राहून तिच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी फोन ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाली, "हो म्हणालेत. आणि फोटो पाठवा म्हणालेत." माझा जीव भांड्यात पडला.

या वेळी मोठी पावलं मी काढली नाहीत. सासूबाईंनी अमेरिकन बाईंचा हात हातात घेतला, मूठ मिटायला लावली, कड रंगात बुडवली आणि फळीवर टेकवून दाखवली. पहिलं पाऊल जरा फिसकटलं. दुसरं सुबक उमटलं. बाई बघतच राहिल्या. मग दोघी शेजारी शेजारी गाद्यांवर बसून सरकत सरकत पुढे गेल्या, एकीची मूठ मोठी, एकीची लहान. एक मराठीत सांगत होती, दुसरी इंग्रजीत उत्तर देत होती, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. मी मधे भाषांतर करायला गेले तर सासूबाईंनी हातानेच बाजूला हो म्हणून सांगितलं. उंबऱ्याशी पोचल्यावर बाईंनी विचारलं, "उद्घाटनाच्या दिवशी त्या मला विचारतील का? तो दारातला प्रश्न?"

उद्घाटनाला एवढे लोक आले की बाहेर रांग लागली. तळावरची कुटुंबं, गावातले जर्मन, विद्यापीठातली आपली मुलं. खालच्या मजल्यावरच्या आजीही आल्या होत्या. कोणी फळ्यांवर पाय देत नव्हतं, सगळे कडेकडेने पावलांबरोबर चालत होते आणि आपोआप आवाज खाली आणत होते. भाषणं झाली नाहीत. बाई म्हणाल्या होत्या, मला बोलायचं नाही, मला यायचंय.

त्या पहिल्या खोलीतून निघाल्या. निळा झगा, हातात काठी. आजीच्या आजीची पावलं आपल्याच मुठीने काढलेली, त्यांच्या कडेने एकेक पाऊल टाकत. वाटेतल्या घरापाशी क्षणभर थांबल्या, कंदिलाकडे बघून मान लववली आणि पुढे झाल्या. शेवटच्या चौकटीत सासूबाई उभ्या होत्या, नऊवारी नेसून, आणि त्यांच्यामागे मी, हातात आमच्या स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट आणि चमचा. मी वाजवायला सुरुवात केली. म्युझियममध्ये इतका आवाज केलेला मी जर्मनीत तरी कधी ऐकला नाही. आमच्या शेफिनने आधी दचकून बघितलं आणि मग टाळ्यांनी ठेका धरला. तिच्यामागून अख्ख्या खोलीने धरला.

सासूबाईंनी हात वर केला. ठेका थांबला.

"कोण आलं?" त्यांनी खणखणीत आवाजात मराठीत विचारलं.

बाईंनी आपल्या आजीच्या आजीचं नाव घेतलं. पूर्ण नाव, मोठ्याने, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. मी ते इथे लिहीत नाही. ते त्यांनी त्यांच्या आजीला सांगायचं होतं, आणि सांगितलं.

"कशाच्या पावलांनी आली?"

याचं उत्तर मी त्यांना पाठ करून घेतलं होतं. सोन्याच्या पावलांनी. आठवडाभर त्या ते घोकत होत्या, 'सोन्याच्या' पाशी जीभ अडखळायची, फोन करून मला म्हणून दाखवायच्या. आता त्यांनी तोंड उघडलं, खाली त्या मोठ्या आणि इवल्या पावलांकडे बघितलं, आणि ते पाठ केलेलं उत्तर दिलंच नाही. ताठ उभ्या राहून इंग्रजीतच दोन शब्द म्हणाल्या.

सासूबाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. माझे डोळे भरून आले होते. "स्वतःच्या, आई," मी कशीबशी म्हणाले. "स्वतःच्या पावलांनी आली म्हणतायत."

सासूबाई बाजूला झाल्या. "मग या," त्या म्हणाल्या, "या, आत या." आणि माझ्या हातातलं ताट ओढून घेऊन स्वतःच वाजवायला लागल्या.